घरातल्या फौजी माणसाच्या युद्धाच्या आठवणी लिहायच्यात? मग या क्रमाने करा

ठाण्यात आणि नवी मुंबईत रिटायर्ड फौजी भरपूर आहेत, कळव्यात, ऐरोलीत, नेरूळला जवळपास प्रत्येक सोसायटीत एखादे सुभेदार साहेब निघतातच. १६ डिसेंबरचा विजय दिवस जवळ आला की कुणीतरी म्हणतं, आजोबांच्या आठवणींचं पुस्तक काढूया. मग दोन रविवार बसून मोबाइलवर रेकॉर्डिंग, नातवाकडून टायपिंग, स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग, झालं पुस्तक. वाचायला घेतलं की कळतं यात आजोबा चार पानं आणि युट्यूबवरचं युद्ध चाळीस पानं.

घोळ बहुतेक वेळा एकच असतो. माणसाने स्वतः बघितलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नंतर टीव्हीवर पाहिलेलं, तिन्ही एकाच वाक्यात मिसळून टाकतात. हे लिहिताना सुटत नाही, आधीच वेगळं ठेवावं लागतं, म्हणून खालचा क्रम मोडू नका. विशेषतः पहिल्या दोन टप्प्यांशिवाय रेकॉर्डिंगला बसू नका.

१. आधी कागद, मग गप्पा

पहिली गोष्ट डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेली नोकरीची नोंदवही. ते बहुतेक कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाच्या कागदांबरोबर असतं. त्यात आर्मी नंबर, भरतीची तारीख, ट्रेड (फौजेतलं काम), शेवटची रँक, मिळालेली मेडल्स, डिस्चार्जची तारीख हे सगळं सापडतं. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी वाटणारी पानंसुद्धा, कारण शिक्के कधीकधी मागच्या बाजूला असतात.

मग मेडल्स. मेडल समोरून बघू नका, कडेवर बघा. खिडकीजवळ उजेडात धरून हळूहळू फिरवलं की कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव दिसतं. ही रँक बऱ्याचदा डिस्चार्ज बुकातल्या शेवटच्या रँकपेक्षा खालची असते, आणि तीच आपल्या कामाची. ब्रासो लावून चकाचक करायच्या भानगडीत पडू नका, अक्षरं झिजतात.

पत्रं असतील तर नशीब. पण पत्रावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असंच असणार, गावाचं नाव नाही, ते मुद्दामच असायचं. साधारण ५६ म्हणजे उत्तर-पश्चिम आणि ९९ म्हणजे पूर्व एवढा अंदाज येतो. तारीख मात्र शिक्क्यावरून मिळते, म्हणून लिफाफा आणि पत्र वेगळं करू नका.

जुने फोटो अल्बममधून खेचून काढू नका, चिकटलेले असतील तर अल्बमसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयला. सुटे असतील तर मागची बाजूही स्कॅन करा. मागे पेन्सिलने लिहिलेलं एखादं नाव तासभराच्या गप्पांपेक्षा कामाचं ठरतं.

सावधान: मेडल दिसलं की लगेच "शौर्यपदक विजेते" लिहायची घाई नको. संग्राम मेडल, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार ही १९७१ च्या मोहिमेत सेवा केल्याबद्दलची मेडल्स आहेत, १९६५ ला तसंच समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. २५ व्या स्वातंत्र्य वर्षाचं मेडल तर तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, सेना मेडल ही वेगळी यादी आहे आणि त्यांची नोंद गॅझेटमध्ये होते. कारगिलसाठीही मोहिमेचं ऑप विजय मेडल वेगळं आणि वीर चक्र वेगळं. यात चूक झाली तर पहिलाच फौजी वाचक पुस्तक बाजूला ठेवतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

२. एका कागदावर टाइमलाइन

वहीच्या आडव्या पानावर चार रकाने आखा: तारीख, युनिट आणि ठिकाण, तेव्हाची रँक, आणि हे कशावरून कळलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, लोक नेमका तोच गाळतात.

युनिटचं नाव पूर्ण पाहिजे. "मराठा रेजिमेंटमध्ये होते" याचा युद्धाच्या दृष्टीने काही अर्थ नाही, कारण पायदळात रेजिमेंट म्हणजे अनेक पलटणींचं (बटालियनचं) घर, लढते ती बटालियन, म्हणून कितवी मराठा ते पाहिजे आणि जमल्यास कंपनीसुद्धा. तोफखान्यात उलटं, तिथे रेजिमेंट हेच लढणारं युनिट, तिच्यात बॅटऱ्या, बॅटरीत तोफा. सॅपर, म्हणजे फौजेतले इंजिनिअर, असतील तर कंपनीचा नंबर. नेव्ही असेल तर जहाज, आणि त्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत.

आता टाइमलाइनवर युद्धाच्या पक्क्या तारखा वेगळ्या रंगाने टाका. १९६२ ची लढाई २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. १९६५ ला लाहोर आघाडी ६ सप्टेंबरला उघडली, २३ सप्टेंबरला युद्धबंदी. १९७१ ला ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानचे आपल्या विमानतळांवर हल्ले, १६ तारखेला ढाक्यात शरणागती. सियाचीनची मेघदूत मोहीम १३ एप्रिल १९८४ पासून. श्रीलंकेतली पवन मोहीम ऑक्टोबर १९८७ पासून, शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परत. कारगिल मे ते २६ जुलै १९९९.

तपासा: आजोबांची तारीख आणि युद्धाची तारीख जुळतेय का? भरती १९७२ ची आणि गोष्ट १९७१ ची असेल तर ओरडू नका, बऱ्याचदा ती उस्तादाने ट्रेनिंग सेंटरला सांगितलेली गोष्ट असते, पन्नास वर्षांत स्वतःची झालेली.

३. प्रश्नांची यादी, आणि कुठले प्रश्न नकोत

"भीती वाटली का", "किती मारले", "देशासाठी काय संदेश द्याल" हे तीन प्रश्न खोडून टाका. पहिल्याला सगळे नाही म्हणतात, दुसऱ्याने माणूस गप्प होतो किंवा बढाई मारतो, तिसऱ्याला भाषण येतं.

हाताशी असलेल्या वस्तूंचे प्रश्न विचारा. पाणी कुठून यायचं? लंगर (स्वयंपाकाची जागा) किती मागे होतं आणि जेवण पुढे कोण आणायचं? बूट कुठले होते? रात्री स्टँड टू (हत्यार घेऊन सज्ज राहायची वेळ) कितीला? मोर्चा (लढताना आत बसायचा खड्डा) खोदायला किती वेळ लागला, माती कशी होती? पगार घरी कसा पोचायचा? फौजी माणूस खड्ड्याच्या मातीबद्दल अर्धा तास बोलतो आणि त्या बोलण्यातच लढाई आपोआप येते.

तोफखान्याचं उदाहरण घेऊ, कारण नाशिक रोडच्या तोफखाना सेंटरमुळे आपल्याकडे गनर, म्हणजे तोफखान्यातले जवान, बरेच. वाशीतल्या एका घरात पुस्तिकेत छापलंय की "आजोबांनी शत्रूचे रणगाडे उडवले". आजोबा २५ पाउंडर तोफेवर होते. या तोफेचा पल्ला साधारण १२ किलोमीटर, तोफेवरच्या माणसाला सहसा निशाण दिसत नाही, ते दिसतं पुढे ओपीवर (निरीक्षणाच्या जागी) बसलेल्या अधिकाऱ्याला आणि तो वायरलेसवर आकडे सांगतो. म्हणजे रणगाड्यांचं वाक्य बहुतेक आजोबांचं नाही. त्यांना विचारायला हवं होतं, "तोफेवर तुम्ही कितवा नंबर होतात?" एका तोफेवर सहा जणांची तुकडी, म्हणजे डिटॅचमेंट, असायची, एक नंबर कमांडर, दोन नंबर ब्रीचवर (तोफेच्या मागच्या तोंडावर), तीन नंबर निशाण लावणारा, चार नंबर गोळा भरणारा, पाच-सहा दारूगोळ्यावर. चार नंबर असतील तर साडेअकरा किलोच्या आसपासचा एकेक गोळा रात्रभर त्यांच्या हातातून गेलाय, खांदे, कान, बोटं सगळ्याला ते आठवतंय, आणि हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. पुस्तिकेत यातली एक ओळ नाही!

पायदळवाल्याचंही तेच, मोर्चातल्या जवानाला दोन-चारशे मीटर दिसतात. त्याच्या तोंडी ब्रिगेडचा प्लॅन घालू नका.

४. रेकॉर्डिंग

सकाळची वेळ धरा, सात-साडेसातची, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टचा दरवाजा आणि खालची गाड्यांची रिव्हर्सची ट्यून हे सगळं कमी असतं. ट्रान्स हार्बरच्या रुळांजवळ किंवा घोडबंदर रोडवर राहत असाल तर आतली बेडरूम घ्या, गादी-पडद्यांमुळे आवाज घुमत नाही. पंखा बंद करायला लावू नका, म्हातारा माणूस घामाघूम होऊन दहा मिनिटांत उठेल, फोन पंख्याच्या झोतापासून बाजूला ठेवा. फोन फ्लाइट मोडवर, खाली घडी केलेला नॅपकिन, नाहीतर टेबलावर ठेवलेला प्रत्येक कप रेकॉर्डिंगमध्ये वाजतो.

तोफखान्यातले असतील तर एका कानाने कमी ऐकू येण्याची शक्यता बरीच, आधी विचारा आणि चांगल्या कानाच्या बाजूला बसा.

सुरुवातीला त्यांच्याच आवाजात नाव, तारीख आणि "हे रेकॉर्ड करायला, लिहायला माझी परवानगी आहे" एवढं घ्या. मग भरतीपासून सुरू करा, युद्धापासून नाही. एका बैठकीत पाऊण तास बास. त्यापुढे थकवा येतो आणि थकल्यावर माणूस ठरलेल्या, सतरा वेळा सांगितलेल्या गोष्टींवर जातो.

ते थांबले तर तुम्हीही थांबा. लगेच पुढचा प्रश्न टाकला की खरी गोष्ट तिथेच राहते. पण हात थरथरायला लागले, श्वास वाढला, एकाच प्रसंगाभोवती फिरायला लागले तर रेकॉर्डिंग बंद करा, चहा करा, विषय बदला. त्या दिवशी परत तिकडे जायचं नाही. आणि अशा दिवसांनंतर झोप उडतेय का ते घरच्यांना विचारत राहा, उडत असेल तर आधी डॉक्टर, पुस्तक नंतर.

आजीचं रेकॉर्डिंग वेगळं करा, आजोबा घरात नसताना. ते सकाळी उपवनला किंवा तलावपाळीला फेरी मारायला गेले की बसा. दोघं एकत्र असले की ती "तुम्हीच सांगा" म्हणते आणि संपलं. तार कधी आली, मनीऑर्डर किती महिने आली नाही, खिडक्यांना काळे कागद लावून मुलांना कसं झोपवलं, हे तिच्याकडेच असतं.

सावधान: चुकीची तारीख सांगितली तर तिथल्या तिथे "नाही हो, गूगलवर वेगळं आहे" असं म्हणू नका. माणूस मिटतो, आणि पुढे प्रत्येक वाक्य तुमच्या तोंडाकडे बघून बोलतो. वहीत फुली मारा, नंतर बघू.

तपासा: उठायच्या आधी फाइल वाजवून बघा. नाव तारखेने द्या. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

५. उतरवणं

त्याच आठवड्यात उतरवा. व्हॉइस टायपिंग वापरायला हरकत नाही, पण फौजी शब्दांची ते पार वाट लावतं, टूआयसी, आरएमओ, एफयूपी, फालीन, रसद, रेकी यांचं काहीही छापतं, म्हणून ऐकत ऐकत दुरुस्त करावंच लागतं. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका, तिथे मिनिट आणि सेकंद लिहून रिकामी जागा सोडा, पुढच्या बैठकीत विचारा.

भाषा "सुधारू" नका. मराठी फौजी माणूस घरी मराठीत बोलतो आणि युद्ध सांगायला लागला की हिंदीत घुसतो, "मग सीओ साब बोले, कोई पीछे नहीं देखेगा". ते हिंदीतच ठेवा. त्याचं "सेनाधिकाऱ्यांनी आम्हाला मागे न पाहण्याचे आदेश दिले" केलंत की माणूस मेला आणि शासकीय परिपत्रक उरलं.

६. तीन रंग

उतरवलेल्या मजकुराची प्रिंट काढा आणि तीन हायलायटर घ्या. स्वतः बघितलं, केलं, त्याला हिरवा. त्याच काळात कुणी सांगितलं, त्याला पिवळा. नंतर वाचलं, पिक्चरमध्ये पाहिलं, रियुनियनला ऐकलं, त्याला गुलाबी. कळत नसेल तर आजोबांनाच विचारा, पण "खरं आहे का" असं नाही, "तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होतात" असं. खरं बोलणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

पिवळं टाकून द्यायचं नाही. "आम्हाला असं कळलं की" एवढे शब्द लावले की ते चालतं, आणि तेव्हा पलटणीत कुठल्या बातम्या फिरत होत्या हीसुद्धा माहितीच आहे. गुलाबी शक्यतो काढा.

मग तारखा. घरचं पंचांग आणि जुने सण इथे भयंकर उपयोगी पडतात. "लख्ख चांदणं होतं" असं १९७१ बद्दल म्हणाले तर बघा, २ डिसेंबरला पौर्णिमा होती, दत्तजयंतीचे दिवस, म्हणजे पहिल्या काही रात्री चांदणं बरोबर, पण शरणागतीच्या आदल्या रात्री चांदणं सांगितलं तर काहीतरी सरकलंय, १७ तारखेला अमावस्या. १९६५ ला लाहोर आघाडी उघडली तेव्हा गणेशोत्सव चालू होता, म्हणून आजी "गणपतीत बातमी आली" म्हणाली तर ती बरोबर आहे. कारगिलला क्रिकेटचा वर्ल्ड कप १४ मे ते २० जून, बंकरमध्ये रेडिओवर मॅच ऐकली असेल तर तारीख जवळजवळ हातात आली.

शौर्यपदकाचं सायटेशन (पदक कशासाठी दिलं त्याचं वर्णन) संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या पोर्टलवर नावाने शोधता येतं. नोकरीचा तपशील अर्धवट असेल तर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर घालून अर्ज करा, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्जावर सही स्वतः फौजीची, ते हयात नसतील तर पेन्शन घेणाऱ्या आजीची. पत्ता किंवा फॉर्म अडला तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा.

पणजोबा दुसऱ्या महायुद्धात, इटली, आफ्रिका, ब्रह्मदेश इकडे मारले गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधा. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने केलेलं असतं, आडनावापेक्षा सर्व्हिस नंबरने लवकर सापडतं.

७. लिहायला बसणं

आता ठरवा, आत्मकथन की चरित्र. "मी" लिहायचं असेल तर फक्त हिरवं आणि "आम्हाला कळलं" लावलेलं पिवळं. "ते" लिहायचं असेल तर युद्धाची पार्श्वभूमी तुमच्या आवाजात घालता येते, पण वेगळ्या परिच्छेदात. अर्धं मी अर्धं ते असं करू नका. माझं मत विचाराल तर माणूस हयात असेल तर "मी"च ठेवा, आणि पार्श्वभूमी प्रकरणाच्या सुरुवातीला तिरप्या टाइपात आठ-दहा ओळींत संपवा.

रँक त्या वेळची लिहा. रिटायर होताना ऑनररी कॅप्टन झाले म्हणून "१९७१ मध्ये कॅप्टन साहेबांनी" लिहिलं तर चूक, तेव्हा ते नाईक होते.

संवाद बनवू नका. आठवलेलं एक वाक्य अवतरणात, बाकी सांगून टाका. शत्रूची किती माणसं पडली हे आकडे लिहायचेच तर कुणी सांगितले ते लिहा.

गेलेल्या सोबत्यांबद्दल थोडं सावकाश. शेजारच्या मोर्चातला माणूस कसा गेला याचं वर्णन त्याच्या घरच्यांना कदाचित आजवर माहीत नसेल, त्यांना फक्त तार आली असेल. आधी त्या घराशी संपर्क करा, जमलं नाही तर नाव बदला किंवा तपशील गाळा. आणि कुणाला पळपुटा म्हणायचं असेल तर नावानिशी नकोच, त्याची बाजू सांगायला तो इथे नाहीये.

८. छापायच्या आधी

नोकरीत असलेल्या माणसाला लिहून छापायला वरिष्ठांची परवानगी लागते, हे पक्कं. निवृत्त माणसालाही १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट लागू राहतोच. बीएसएफ, सीआरपीएफ, आसाम रायफल्स, डीआरडीओ, गुप्तचर खातं अशा संस्थांतून रिटायर झालेल्यांसाठी २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदललेत, खात्याच्या कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी, नाहीतर पेन्शनवर येऊ शकतं. १९६५, ७१ च्या आठवणींत सहसा अडत नाही, पण सियाचीन, काश्मीर, ईशान्येकडचं अलीकडचं असेल तर चौक्यांची ठिकाणं, फ्रिक्वेन्सी, गस्तीची पद्धत, सोर्सची (खबऱ्यांची) नावं सरळ काढा. शंका आली तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

दुसऱ्या कुणाची पत्रं वापरताय? पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा. नेटवरचे युद्धाचे फोटो उचलून टाकू नका.

मग पूर्ण मजकूर आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. चष्मा लावून वाचायला दिलं तर ते "छान झालंय" म्हणून ठेवून देतात, ऐकताना मात्र "थांब, तो नाला डावीकडे होता" असं निघतं. या वाचनाचंही रेकॉर्डिंग करा. त्याच युनिटमधला एखादा सोबती असेल तर त्याला दुसरी प्रत. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही बाजू तळटीपेत लिहा, पंच बनू नका.

आधी पाच-दहा झेरॉक्स प्रतीच काढा, चुका येऊ द्या, महिनाभर थांबा. मग प्रेसला द्या. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. रीतसर प्रकाशन केलंत तर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, प्रकाशनापासून ३० दिवसांत. एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला आणि एक त्यांच्या रेजिमेंटल सेंटरला द्या. मूळ रेकॉर्डिंग, स्कॅन आणि तीन रंगांची प्रिंट एकाच खोक्यात घालून वर आर्मी नंबर लिहून ठेवा, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सगळ्यात आधी तीच लागते.